दबावगट, मतदान आणि सरकारी धोरण: कोकणातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणच्या बंदरावर, राजापूरच्या सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) ग्रामसभेत, परळ-लालबागच्या गावमंडळात, कुठेही बसलं तरी निवडणुकीच्या आसपास तेच प्रश्न निघतात. संघटनेने कुणाला पाठिंबा द्यावा का? दिला तर तो कायद्यात बसतो का? आणि देऊन शेवटी हाती काय लागतं? गेली काही वर्षं मी या बैठकांना जातो. तिथे ऐकलेले प्रश्न आणि जमतील तेवढी सरळ उत्तरं इथे दिली आहेत.

हितसंबंधी गट म्हणजे नक्की कोण?

एकाच गोष्टीवर ज्यांचं पोट, जमीन किंवा श्रद्धा अवलंबून आहे आणि ती राखण्यासाठी जे एकत्र येऊन सरकारदरबारी जातात, ते. मच्छीमार सोसायटी, आंबा-काजू बागायतदारांचा संघ, शिक्षक संघटना, एसटी कामगारांची संघटना, रिक्षावाले, घरगुती निवास-न्याहारी चालवणारे, समाजाची मंडळं, धरणग्रस्तांची समिती हे सगळे त्यात येतात. प्रकल्पाला विरोध करणारी समिती हा गट आहे, तशी प्रकल्प हवा म्हणणारी समितीही गटच आहे. आपल्याला पटतो तो ‘लोकांचा लढा’ आणि पटत नाही तो ‘दबावगट’, अशी वाटणी मी करत नाही, तुम्हीही करू नये.

‘दबाव’ या शब्दाला बिचकायचं कारण नाही. तहसीलदारांच्या टेबलावर ठेवलेलं निवेदनही दबावच असतो.

मग पक्षात आणि गटात फरक काय?

पक्ष सत्ता मागतो, गट सत्तेत बसलेल्याकडून काम मागतो. ही रेघ पक्की नसते. रायगडातल्या शेतकऱ्यांच्या लढ्यातली माणसं पुढे शेतकरी कामगार पक्षात गेली, हे त्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही.

कोकणात हे सगळं कधीपासून आहे?

मतदानाचा हक्क सगळ्यांना मिळण्याच्या आधीपासून. अलिबागजवळच्या चरी गावात 1933 साली कुळांनी खोतांची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जमीन कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील पुढे होते. आगरी शेतकऱ्यांचा तो संप 1939पर्यंत, म्हणजे सहा वर्षं चालला. जमिनी पडीक राहिल्या, माणसांनी लाकूडफाटा विकून आणि मासळी मारून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. 1939च्या कूळ कायद्यामागे या संपाचं बळ होतं.

त्याच काळात निवडणुकीची वाटही वापरली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, 1937च्या निवडणुकीनंतर मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने विधिमंडळावर गेले. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती कायद्याने गेली ती 1949च्या कायद्याने.

एका मागणीसाठी शेतात संप झाला, मतपेटीतून प्रतिनिधी गेले, विधिमंडळात विधेयक आलं, रस्त्यावर मोर्चा निघाला आणि तरीही कायदा व्हायला विधेयकापासून बारा वर्षं लागली. आज एका निवेदनाचं उत्तर महिन्यात आलं नाही म्हणून खचणाऱ्या तरुणांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

निवडणुकीत हे गट प्रत्यक्षात करतात काय?

जाहीर पाठिंबा देतात, उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलावून प्रश्न विचारतात, मागण्यांचं पत्रक काढतात, कार्यकर्ते पुरवतात, पैसा गोळा करतात आणि कधी कधी आपलाच माणूस उभा करतात. यातलं सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी काम म्हणजे उमेदवारांना समोरासमोर बसवून लेखी उत्तर घेणं. बंदरावर होणाऱ्या सभेत ‘मच्छीमार बांधवांच्या पाठीशी आहोत’ हे वाक्य सगळेच म्हणतात. पर्ससीनच्या (मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या नौकांच्या) हंगामाबद्दल, डिझेल परताव्याच्या थकबाकीबद्दल, जेट्टीवरच्या बर्फाबद्दल तारखेसह काय करणार, हे कागदावर लिहून द्या म्हटलं की कोण खरंच तयारी करून आलाय ते कळतं.

गावकीने, म्हणजे गावच्या मानकऱ्यांच्या बैठकीने, ‘सगळी मतं अमक्यालाच’ असं ठरवलं तर?

गावकीला मत असू शकतं, ते ती सांगूही शकते. पण मतदाराला बांधून घेता येत नाही. हा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

लोकप्रतिनिधित्व कायदा 1951च्या कलम 123मध्ये ‘अनुचित प्रभाव’ हा भ्रष्ट आचार मानला आहे. त्यात सामाजिक बहिष्काराची, जातीतून किंवा समाजातून काढण्याची धमकी स्पष्ट शब्दांत येते. देवाचा कोप होईल असं सांगून मत वळवणंही त्यात येतं. उमेदवाराने, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कुणी असं केलं, तर त्याची निवडणूक रद्द होऊ शकते. उमेदवाराचा संबंध नसला तरी भारतीय न्याय संहितेत मतदारावर असा दबाव आणणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

म्हणजे ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून, ‘मत इकडेतिकडे गेलं तर देवाने बघून घ्यावं’ असं गाऱ्हाणं घालून शपथ घ्यायला लावणं गुन्ह्यात मोडतं. आपल्यातल्या पुष्कळ भल्या माणसांना यात गैर वाटत नाही. मलाही लहानपणी ते गावाच्या एकीचं लक्षण वाटायचं. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या विधवेला किंवा वाडीतल्या एकट्या घराला तिथे नाही म्हणता येतं का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

वाळीत टाकण्याबद्दल महाराष्ट्राचा वेगळा कायदाही आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016चा हा कायदा 2017पासून लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा व्हावा म्हणून जे बोलत होते त्यांच्या हातात रायगड जिल्ह्यातली वाळीत टाकण्याची प्रकरणं होती. गावकीच्या हुकमाविरुद्ध तक्रार करणाऱ्या एकेकट्या कुटुंबांनी, सोबत उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांसह, हा कायदा करायला लावला.

उमेदवाराने मंडळाला पखवाज, क्रिकेटचं किट किंवा देवळासाठी पैसे दिले तर?

मतासाठी दिले असतील तर ती लाच. घेणाराही दोषी असतो. ‘निवडून आलो तर साकव बांधून घेईन’ हे सार्वजनिक कामाचं आश्वासन आहे आणि कायदा त्याला लाच म्हणत नाही. भजनी मंडळाच्या नावाने निवडणुकीच्या तोंडावर आलेली रोख रक्कम मात्र लाचच, मग ती देवाच्या कामाला गेली तरी.

आमच्या संघटनेने स्वतःच्या खर्चाने उमेदवाराचा प्रचार केला तर चालेल का?

त्याची लेखी परवानगी असेल तर. परवानगीशिवाय त्याच्यासाठी सभा, जाहिरात, पत्रक यांवर खर्च करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली गुन्हा आहे. परवानगीने केलेला खर्च त्याच्या खर्चात धरला जातो. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख अशी मर्यादा 2022 मध्ये ठरली आहे. ‘आम्ही परस्पर दहा हजार पत्रकं वाटली’ असं अभिमानाने सांगणारे आपल्याच उमेदवाराला अडचणीत आणत असतात.

पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. निनावी पत्रक रात्री दारात टाकणारे कुठल्याही बाजूचे असोत, त्यांना थारा देऊ नका.

कंपन्या पैसा देतात, त्याचं काय?

इथे सामान्य संघटना आणि मोठी कंपनी यांची ताकद जुळत नाही, हे मान्य करून पुढे जायला हवं. कंपनी कायद्यात पूर्वी अशी अट होती की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त देणगी कंपनीने पक्षांना देऊ नये. 2017 मध्ये ती मर्यादा काढली गेली. 2018 मध्ये निवडणूक रोखे आले आणि देणाऱ्याचं नाव मतदारापासून लपलं. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी रोखे योजना आणि मर्यादा काढणारी दुरुस्ती, दोन्ही घटनाबाह्य ठरवल्या. मतदाराला पैशाचा माग कळला पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा आहे. आपल्या तालुक्यात ज्या कंपनीला जमीन हवी आहे, तिने कुठल्या पक्षाला किती दिलं हे मत देण्याआधी कळणं, एवढाच त्याचा आपल्यापुरता अर्थ, आणि तो मोठा आहे.

आणि कामगार संघटना?

कामगार संघटना कायदा 1926 प्रमाणे, आणि नोव्हेंबर 2025पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणेही, त्यांना राजकीय कामासाठी वेगळा निधी ठेवता येतो. वर्गणी ऐच्छिक असली पाहिजे. ती न देणाऱ्या सभासदाला संघटनेच्या फायद्यांपासून दूर ठेवता येत नाही. मला वाटतं, इतर सगळ्या संघटनांनीही हा नियम आपणहून पाळावा.

मतदानावर बहिष्कार टाकला तर काही मिळतं का?

‘रस्ता नाही तर मत नाही’ असे फलक दर निवडणुकीत लागतात. मत न देणं गुन्हा नाही. दुसऱ्याला अडवणं गुन्हा आहे. फलक लागल्यावर दोन दिवस प्रांत आणि तहसीलदार गावात येतात, आश्वासन मिळतं, वर्तमानपत्रात बातमी येते. नंतर मतदारयादीचा तो भाग उमेदवाराच्या दृष्टीने शून्य मोलाचा होतो. माझा कल बहिष्काराविरुद्ध आहे. राग दाखवायचाच असेल तर 2013पासून ‘वरीलपैकी कुणीही नाही’चं बटण आहे, आणि तो आकडा मोजला जातो, छापला जातो.

निवडणुकीत दिलेला शब्द धोरणात उतरतो का?

कधी उतरतो आणि टिकत नाही. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पाची आठवण ज्यांना आहे त्यांना हे उत्तर पाठ आहे. तो उभारणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीबरोबर सामंजस्य करार 1992 मध्ये झाला. 1995च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू असा प्रचार केला. सत्ता आली, ऑगस्ट 1995 मध्ये करार रद्द झाला. 1996 मध्ये नव्या वाटाघाटींनंतर तोच प्रकल्प परत आला. वीज 1999 मध्ये सुरू झाली आणि दराच्या वादात 2001 मध्ये बंद पडली. स्थानिक विरोधकांनी मोर्चे काढले, अटका सोसल्या. दुसऱ्या बाजूला कंपनीच्या अधिकाऱ्याने 1995 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं होतं की या प्रकल्पाबाबत संबंधितांना ‘शिक्षित’ करण्यावर आणि प्रकल्प जुळवण्यावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले. गावच्या समितीच्या वर्गणीच्या डब्याशेजारी हा आकडा ठेवून बघा.

नाणारचं तसंच, पण वळण निराळं. राजापूरची 14 आणि देवगडची 2 गावं रिफायनरीसाठी निवडली गेली. वर्षाला 6 कोटी टन क्षमतेचा हा प्रकल्प होता. विरोधी समित्या उभ्या राहिल्या, ग्रामसभांनी ठराव केले. फेब्रुवारी 2019 मध्ये युतीच्या घोषणेबरोबर प्रकल्प हलवण्याचं ठरलं, मार्चच्या सुरुवातीला भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि 23 एप्रिलला रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचं मतदान झालं. या तारखा एकाखाली एक लिहिल्या की निवडणुकीच्या तोंडावर एकजूट काय करू शकते ते दिसतं. 2022 मध्ये त्याच राजापूर तालुक्यातलं बारसू-सोलगाव पुढे आलं आणि एप्रिल 2023 मध्ये तिथल्या सड्यावर माती परीक्षणावरून पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले. त्याच सड्यावरची कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

रोजगार येईल म्हणून रिफायनरी मागणाऱ्या संघटनाही राजापुरातच आहेत, त्यांची मुलंही मुंबई-पुण्यात नोकरी शोधतात. ‘कोकणी माणसाला विकास नको’ आणि ‘समर्थक सगळे दलाल’ ही दोन्ही वाक्यं मला सारखीच खोटी वाटतात. जमीन बाहेरच्या खरेदीदारांनी आधीच घेऊन ठेवली होती का, हे मात्र दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने बोलायला हवं.

पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमार, दोघेही मच्छीमारच. मग सरकार कुणाचं ऐकतं?

जो हंगामभर पाठपुरावा करतो त्याचं. आधी अधिकार समजून घ्या. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, राज्याच्या हद्दीत. त्यापुढचं केंद्राकडे. म्हणून आमदाराला विचारायचा प्रश्न वेगळा आणि खासदाराला विचारायचा वेगळा.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचं जाळं, लावणाऱ्याचं गणित थव्यावर चालतं. बांगडा-तारलीचा थवा किनाऱ्याजवळ आला तर जाळ्यात मासळी. तोच थवा बाहेर पर्ससीनने अख्खा उचलला तर किनाऱ्यावर पन्नास माणसं दोर ओढून रिकामी परततात. पर्ससीनवाल्याचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे: कर्ज काढून नौका बांधली, खलाशांची घरं त्यावर चालतात, आणि परराज्यातले ट्रॉलर येऊन मासळी नेतात त्यांना कोण विचारतं?

डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 रोजी राज्याने अधिसूचना काढली. पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम, परवाने टप्प्याटप्प्याने कमी. दिव्यांच्या झोतात होणाऱ्या एलईडी मासेमारीवर 2017 मध्ये केंद्राने बंदी घातली. तरी ‘कारवाई होत नाही’ ही तक्रार थांबली नाही, कारण 1981च्या मूळ कायद्यातला दंड एका फेरीच्या कमाईपुढे काहीच नव्हता आणि निवाडा तहसीलदारांकडे जायचा, ज्यांच्यापुढे आधीच शंभर कामं. मच्छीमार संघटना याच नेमक्या कलमावर अडून बसल्या. 2021च्या दुरुस्तीने दंड लाखांत गेला आणि निवाडा मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आला.

मला यात सगळ्यात शिकण्यासारखं हे वाटतं: बंदीची घोषणा मिळवणं हे अर्धं काम. दंड किती, निवाडा कोण करणार, गस्तीनौका किती, हे ठरवणाऱ्या बैठकीत जो गट हजर असतो, धोरण त्याच्या बाजूला झुकतं. बंदरावरचे लोक बैठकीला जायचं म्हणजे त्या दिवसाची मासळी सोडतात. मोठ्या नौकांच्या मालकाला तो खाडा परवडतो.

न भांडता काही मिळवलेला गट दाखवता येईल का?

हापूसवाले. वाशीच्या बाजारात परराज्यातला आंबा हापूस म्हणून खपतो ही जुनी तक्रार. कृषी विद्यापीठ आणि बागायतदारांच्या संस्थांनी मिळून भौगोलिक मानांकनाचा पाठपुरावा केला आणि 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला ते मिळालं. त्याआधी नाव कुणाचं, देवगडचं की रत्नागिरीचं की सगळ्यांचं, यावर आपसांत वर्षं गेली.

शिक्षकांना वेगळा आमदार कशाला?

राज्यघटनेच्या कलम 171मुळे. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 शिक्षकांच्या आणि 7 पदवीधरांच्या आहेत. कोकण विभागाचे दोन्ही मतदारसंघ आहेत. एका व्यवसायाला थेट सभागृहात जागा, हे उदाहरण दुर्मीळ आहे. जानेवारी 2023च्या शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत जुनी पेन्शन हाच मुद्दा गाजला, मार्चमध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला आणि 2024 मध्ये सरकारने सुधारित निवृत्तिवेतन योजना मान्य केली. मच्छीमाराला किंवा शेतमजुराला असा मतदारसंघ नाही.

मुंबईचं मंडळ गावाच्या वतीने बोलू शकतं का?

चाकरमान्यांच्या रेट्याशिवाय कोकण रेल्वे झाली नसती. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी ती मागणी सरकारात नेली, 1990 मध्ये महामंडळ झालं आणि 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्ग खुला झाला. गणपतीच्या जादा गाड्या आणि टोलमाफी हेही त्याच रेट्याचं फळ. मंडळाचं ऋण आहेच. पण जमीन विकायची की राखायची हे ठरवताना गावात राहून भात लावणाऱ्याचा शब्द पहिला असावा. सातबाऱ्यावर नाव मुंबईच्या भावाचं आणि शेतात पाय गावच्या वहिनीचे, अशी आपल्याकडे किती घरं आहेत!

भारतात लॉबिंगची, म्हणजे मंत्र्या-अधिकाऱ्यांना गाठून आपलं म्हणणं पुढे रेटण्याची, नोंद ठेवावी लागते का?

नाही, तसा वेगळा कायदा नाही. मंत्र्याला कोण कशासाठी भेटलं हे आपण माहितीच्या अधिकारात विचारायचं. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत.

पश्चिम घाटाच्या पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचं काय झालं?

माधव गाडगीळ समितीचा अहवाल 2011 मध्ये आला, कस्तुरीरंगन समितीचा 2013 मध्ये. हे क्षेत्र जाहीर करण्यासाठी 2014पासून केंद्राने अधिसूचनेच्या मसुद्यावर मसुदे काढले, सहावा 31 जुलै 2024 रोजी. खाणवाले, बागायतदार, राज्य सरकारं, सगळ्यांचे आक्षेप येत राहिले. निर्णय लांबवणं हेसुद्धा एखाद्या गटाचं यश असतं, कारण तोवर डोंगर कापता येतो.

ज्यांची संघटनाच नाही त्यांनी काय करायचं?

मला रात्री झोप लागू देत नाही तो हा प्रश्न. रापणीचा दोर ओढणाऱ्याची निदान सोसायटी असते. टोपली घेऊन घरोघर मासळी विकणारी बाई, हापूसच्या बागेत राखणीला आलेला नेपाळी गडी, सड्यावर गुरं चारणारा धनगर, काजूच्या कारखान्यात बी फोडणाऱ्या बायका यांच्या वतीने निवेदन कोण देतं? 2025 मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, ही फार जुनी मागणी होती आणि मला आनंद झाला. पण नौका किंवा तळं ज्याच्या नावावर आहे त्याला सवलत सहज पोचते. टोपलीच्या नावाने कर्ज मिळवून द्यायला कुणी तरी खेटे घालावे लागतात.

म्हणून ज्यांची संघटना आहे त्यांना माझी विनंती आहे: पुढच्या मागणीपत्रात पहिली मागणी तुमची घाला, दुसरी त्यांची घाला, आणि बैठकीला त्यांच्यातली एक तरी बाई खुर्चीवर बसवा, मागे उभी नको.

जनसुनावणीला जायचं आहे. तयारी काय करावी?

पर्यावरण परवानगीच्या सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. त्या दिवशीच प्रकल्पाच्या अहवालाचा मराठी सारांश मिळवा. तो ग्रामपंचायतीपर्यंत पोचला पाहिजे, नसेल तर लेखी मागा आणि पोच घ्या. सगळ्यांनी तेच भाषण करू नका: एकाने पाण्यावर, एकाने मासळीवर, एकाने आंब्याच्या मोहोरावर, एकाने रस्त्यावरच्या वाहतुकीवर, आपापल्या अनुभवातलं बोला. जे बोलणार नाहीत त्यांनी लेखी द्या, दोन्हींना तितकंच वजन असतं.

आणि संपेपर्यंत बसा. सुनावणीचा वृत्तांत शेवटी लोकांना मराठीत वाचून दाखवायचा आणि मगच त्यावर सही व्हायची, असं 2006च्या अधिसूचनेत आहे. एका सुनावणीला आमच्या वाडीतले सगळे शेवटच्या एसटीसाठी पाच वाजता उठले. वृत्तांत वाचला गेला तेव्हा ऐकायला आमच्यातलं कुणी नव्हतं, आणि पुढे मिळालेल्या कागदात खाडीच्या पाण्याबद्दलचं म्हणणं एका ओळीत आटोपलेलं होतं. तेव्हापासून आम्ही चार जणांची रात्रीच्या परतीची सोय आधीच करतो, दोन मोटारसायकली आणि त्यांच्या पेट्रोलचे पैसे, आणि त्या चौघांपैकी दोन बायका असतात.